खालचा स्लॉट

"सगळ्यात वेगवान कार्ड कुठलं ते दाखव, बाकीचं मला काही सांगू नकोस," असं म्हणून त्रिशलाकाकूंनी स्टूल ओढलं आणि त्यावर ऐसपैस बसल्या. काकू बसल्या म्हणजे आता लवकर उठायच्या नाहीत, हे वर्धमान खोतने ओळखलं. सांगलीत कॉम्प्युटरचं दुकान चालवायचं तर गिऱ्हाईक कसं बसतं यावरून पुढची सकाळ कशी जाणार हे कळावं लागतं.

"गेम कुठला खेळणार, काकू?" त्याने सवयीने विचारलं.

"गेम कसला आलाय! आमच्या ह्यांना बोलायचंय."

वर्धमान वरमला. सुकुमार आरवाडे, म्हणजे मार्केट यार्डातले हळदीचे अडते अण्णा, त्याला चांगले ठाऊक होते. यार्डात त्यांना ओळखत नाही असा माणूस नव्हता. सौद्यात अण्णांनी भाव पुकारला की पलीकडच्या गुळाच्या पेठेतली माणसं माना वळवून बघायची. उघडी बोली सुरू व्हायच्या आधीचा काळही त्यांनी पाहिला होता. तेव्हा भाव पंच्याखाली ठरायचा. अडत्याने हात पुढे करायचा, वर पंचा टाकायचा, आणि व्यापाऱ्याने आतल्या आत त्याची बोटं दाबून आपला भाव सांगायचा. पटला नाही तर अडत्या हात झटकायचा, पटला तर घट्ट धरायचा. बघणाऱ्यांना नुसता हलणारा पंचा दिसायचा.

असा हा गडगडाटी माणूस गेल्या दिवाळीनंतर पक्षाघाताने आडवा झाला. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. कळत सगळं होतं. शब्दही आत जागच्या जागी होते. फक्त जीभ, ओठ आणि घसा यांनी हुकूम पाळायचं सोडून दिलं होतं.

पूर्वी अशा माणसाला उरलेलं आयुष्य मानेने हो-नाही करत काढावं लागायचं. आता दिवस बदलले होते. मिरजेच्या पुनर्वसन केंद्रातल्या रेश्मा मुल्ला नावाच्या वाचातज्ज्ञाने अण्णांच्या गळ्याभोवती एक मऊ पट्टी बांधली आणि डोक्यावर जाळीची टोपी चढवली. आपण बोलायला जातो तेव्हा मेंदू जिभेला आणि घशाला विजेचे बारीक इशारे धाडतो. ते ऐकोत न ऐकोत, इशारे निघतातच. ते टिपायचे, त्यांवरून कुठला शब्द यायचा होता हे कॉम्प्युटरने ओळखायचं आणि तो अण्णांच्याच आवाजात बोलून दाखवायचा, अशी ही करामत होती. आवाज गोळा केला होता शेतकऱ्यांनी फोनवर काढलेल्या सौद्यांच्या व्हिडिओंमधून. त्यामुळे पहिल्याच दिवशी "पाणी दे" हे दोन शब्द अशा थाटात आले, की जणू तांब्याभर पाण्याचा सौदाच निघाला. काकू हसता हसता रडल्या होत्या.

माणसाच्या मनातले इशारे घराबाहेर जाता कामा नयेत असा कायदा झाला होता, आणि तो झाला हे बरंच झालं होतं. म्हणून ही सगळी आकडेमोड घरच्याच कॉम्प्युटरवर करावी लागे. आणि घरचा कॉम्प्युटर म्हणजे कुठला, तर पेढीवरचा जुना, ज्यावर काकूंनी वर्षानुवर्षं हळदीची बिलं केली तो. केंद्राच्या माणसाने त्यातच एक ग्राफिक्स कार्ड बसवून दिलं होतं. ग्राफिक्स कार्ड मुळात पडद्यावर चित्रं काढायला जन्माला आलं. चित्राचा एकेक ठिपका रंगवायचा म्हणजे हजारो छोटी गणितं एकाच वेळी सोडवायची. माणसाच्या मनातला शब्द ओळखायलाही नेमकी तशीच गणितं लागतात, म्हणून चित्रकाराला दुभाषा करून टाकलं, एवढंच.

"मग आता अडलंय कुठं?" वर्धमानने विचारलं.

"उशीर होतोय रे. मी विचारते, चहा ठेवू का? की त्या पट्टीच्या डबीवरचा पिवळा दिवा लागतो. लागतो तो लागूनच राहतो. इकडं माझं आधण उकळायला लागतं तेव्हा आवाज येतो, 'ठेव.' कधी कधी तर दिवा लागतो आणि नुसताच विझतो. वाक्यच गिळून टाकतं मेलं! किती वाक्यं गिळली असतील त्यानं, देव जाणे. मला वाटतं, कार्डात दम नाही."

वर्धमानने काकूंच्या फोनमधला कार्डाचा फोटो मोठा करून पाहिला. काचेच्या कपाटातलं सगळ्यात महागडं कार्ड काढून काकूंच्या हातात ठेवलं असतं तर त्याचा महिना सुखाचा गेला असता. पण आरवाड्यांच्या पेढीवर त्याचे वडील वर्षानुवर्षं हळद घालत आले होते.

"काकू, ह्या कार्डात दम आहे ओ. भरपूर आहे. मी घरी येऊन बघतो. तोवर काही घेऊ नका."

*

अण्णा पुढच्या खोलीत कॉटवर टेकून बसले होते. गळ्यात पट्टी, डोक्यावर जाळी, डाव्या हातात एक रबरी चेंडू. बोटांना व्यायाम म्हणून रेश्माने तो दिला होता. वर्धमानला बघून त्यांचे डोळे हसले, पिवळा दिवा लागला, आणि वर्धमान पायातलं काढून, पाणी पिऊन, कॅबिनेटचे स्क्रू सोडवायला बसल्यावर आवाज आला, "ये. बस."

वर्धमानने कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढलं आणि तो बघतच राहिला. आत मदरबोर्डावर, वरच्या स्लॉटमध्ये, म्हणजे कार्ड खोचायच्या लांब खाचेत, काठोकाठ पिवळं-लाल काहीतरी वाळून बसलं होतं.

"काकू, हे काय?"

काकूंनी वाकून पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "अरे देवा. ते खंडेनवमीचं."

दरवर्षी खंडेनवमीला पेढीवर तराजू, वजनं आणि कॉम्प्युटर यांची पूजा होई. बाकीचे लोक कॉम्प्युटरला बाहेरून टिकली लावून मोकळे होत. अण्णांना ते पटत नसे. जिथं काम चालतं तिथं हळद लागली पाहिजे, वरवर टिकली लावून काय उपयोग, असं म्हणून ते झाकण उघडायला लावत आणि आपल्याच गोदामातली एक नंबरची हळद पाण्यात कालवून आत बोट टेकवत. बोट टेकवायला सगळ्यात सोयीची, रिकामी आणि लांबलचक जागा म्हणजे वरचा स्लॉट. वर कुंकू. इतक्या वर्षांच्या भक्तीने तो स्लॉट पुरता लिंपून निघाला होता. केंद्राच्या माणसाचं कार्ड तिथं शिरेना, म्हणून त्याने ते खालच्या स्लॉटमध्ये घातलं. घातल्यावर दिवे लागले, आवाज आला, सगळे खूश झाले.

"इथंच माणसं फसतात," वर्धमान म्हणाला. "दोन्ही स्लॉट लांबीला सारखेच. कार्ड दोन्हीकडं बसतं. पण वरच्याला सोळा लेन आहेत, म्हणजे माहिती ये-जा करायच्या वाटा, आणि खालच्याला चारच. उरलेल्या जागेत नुसतं प्लास्टिक आहे, आत तांबंच नाही. आणि तुमच्या ह्या बोलक्या प्रोग्रॅमचा पसारा एवढा मोठा आहे, की कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत तो मावत नाही. निम्मा इकडं कॉम्प्युटरच्या मेमरीत पडून असतो. प्रत्येक वाक्याला लागेल तेवढा तिकडून कार्डाकडं न्यायचा. कुठनं? तर ह्या चार लेनमधनं."

"म्हणजे हमाल भरपूर, काटा मोठा," काकू म्हणाल्या, "पण फाटक बारकं. बाहेर गाड्यांची रांग."

"बरोब्बर बोललात."

"आणि मी नवं कार्ड घेतलं असतं तर?"

"ते पण त्याच रांगेत उभं राहिलं असतं. आणखी एक सांगतो. कार्ड नव्या पिढीचं आहे, बोर्ड एक पिढी मागचं. पिढी बदलली की प्रत्येक लेनचा वेग दुप्पट होतो. पण जोडी जमली की दोघांतला जो हळू, त्याच्याच चालीनं दोघांना चालावं लागतं."

"संसारासारखंच की," काकू म्हणाल्या.

वर्धमानने बारीक ब्रश आणि स्पिरिट घेऊन स्लॉट साफ करायला घेतला. हळद मुरलेली होती, सहजासहजी सोडेना. खोलीभर यार्डातल्यासारखा वास सुटला. अण्णांनी डोळे मिटून तो छातीत भरून घेतला. शेवटी तांब्याचे दात चमकले, कार्ड वरच्या स्लॉटमध्ये खट् करून बसलं, आणि वर्धमानने मशीन सुरू केलं.

"अण्णा, बोला की काहीतरी."

"काय बोलू, डोंबल?"

दिवा लागायच्या आतच आवाज आला होता. तिघंही एकदम हसले. अण्णांचं हसू निम्म्याच चेहऱ्यावर उमटलं, पण ते हसू होतं.

*

पुढचे दिवस काकूंना सणासारखे गेले. त्या बोलायच्या आणि वाक्य संपायच्या आत अण्णा मध्येच तोडायचे. तोडल्याबद्दल त्या चिडायच्या. चिडल्याबद्दल ते चिडवायचे. उशिराच्या काळात त्यांना विचारपूस जमत होती, पण भांडण जमत नव्हतं. भांडणाला वेग लागतो. आता रोज सकाळी बातम्या लावायच्या की भजनं, यावरून खणखणीत भांडण व्हायचं आणि काकू स्वयंपाकघरात जाऊन एकट्याच हसायच्या.

नव्या लग्नाचे दिवस त्यांना आठवायचे. तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं आणि सासूबाईंसमोर नवऱ्याशी बोलायची सोय नव्हती. मग सुकुमारने तिला पंच्याखालची बोटं शिकवली. सगळे जेवायला बसलेले, तो हात पुसायच्या निमित्ताने पंचा पुढे करायचा आणि ती वाढता वाढता त्याखाली त्याची बोटं दाबायची. सहा म्हणजे सहाच्या खेळाला जाऊया. दोन म्हणजे आणखी दोन भाकरी टाकते. आकड्यांतच सगळं बसवायचं. बसतही होतं.

पण या नव्या सणात लवकरच मिठाचा खडा पडला. पहिला खडा गमतीचा होता. अण्णांची थोरली बहीण अक्कूताई लाडवांचा डबा घेऊन आली. डबा उघडला आणि अण्णांचा आवाज घुमला, "हिचे लाडू म्हणजे वजनातले दगड."

अक्कूताईचा चेहरा पडला. "मला बोलायचं नव्हतं," आवाज पुढे म्हणाला, "पण आहेतच दगड." अण्णा डाव्या हाताने तोंड झाकायला गेले. तोंड तर आधीपासूनच बंद होतं.

वन्सं गेल्यावर काकूंनी हसून विषय सोडून दिला. अण्णा मात्र त्या दिवसापासून जपून राहायला लागले. पण जपायचं तरी कसं? माणूस जीभ चावू शकतो. अण्णांची जीभ या व्यवहारात राहिलीच नव्हती.

मग ती दुपार आली. काकू त्यांच्या उजव्या पायाला तेल लावत होत्या. पाय जड, निर्जीव. तो उचलून मांडीवर घेताना त्यांच्या कंबरेत कळ आली आणि "आई गं" म्हणून त्या क्षणभर तशाच वाकून राहिल्या.

"त्या दिवशीच गेलो असतो तर हिची पाठ तरी वाचली असती."

सौद्याचा खणखणीत आवाज. एकेक शब्द सुटा आणि स्वच्छ. काकूंचा तेलाचा हात थांबला.

"काय म्हणालात?"

"नाही. हे नाही. हिला कळू नये. रोज हेच येतं मनात, रोज, हिला कळता कामा नये, ऐकलं हिनं, बंद करा, कुणीतरी बंद करा हे..." अण्णा लपवायला जात होते आणि लपवायचा खटाटोपही मोठ्याने बाहेर पडत होता. डाव्या हातातला चेंडू ते जिवाच्या आकांताने दाबत होते. मग तो त्यांनी फेकून दिला, गळ्याची पट्टी हिसकून काढली, टोपी भिरकावली आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्या दिवसानंतर अण्णांनी पट्टीला हात लावू दिला नाही. काकू पट्टी घेऊन जवळ गेल्या की ते मान वळवत. जेवण भरवलं तर जेवत, पाणी दिलं तर पीत, पण डोळ्याला डोळा देत नसत. आधी निदान उशिराने का होईना, माणूस बोलत होता. आता त्यांनी स्वतःच्या हौसेने, वेग पाहिजे म्हणून, तोही घालवला होता.

*

"पट्टी फार दिवस काढून ठेवू देऊ नका, काकू," मिरजेला रेश्माने सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं हेच सांगितलं. "मेंदूचे इशारे रोज थोडे थोडे बदलतात. यंत्र रोज त्यांच्याकडून शिकत असतं. ओळख एकदा तुटली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आणि त्यांच्या वयात ते पुन्हा जमेलच, असं मी सांगू शकत नाही."

"पण असं झालं कशानं? आधी तर नीट चाललं होतं."

रेश्माने खुर्ची पुढे ओढली. "आपण सगळे बोलायच्या आधी आत बोलून बघतो. चार गोष्टी मनात येतात, त्यातल्या तीन आपण गाळतो, एक सोडतो. ह्या गाळण्याला थोडा वेळ लागतो. तुमच्या-माझ्या तोंडाला हलायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात ते उरकतं. ह्या यंत्राला तोंडच नाही. इशारा निघाला की शब्द झाला. पूर्वी लेन कमी होत्या, म्हणून वाक्य उशिरा यायचं. त्या उशिरात अण्णांचं गाळून व्हायचं. आपल्याला वाटलं, तो बिघाड आहे. मलासुद्धा वाटलं."

"आणि ती गिळलेली वाक्यं?"

"ती यंत्रानं नाही गिळली, काकू." रेश्माने टेबलावरचा एक रबरी चेंडू उचलून हातात फिरवला. "हा नुसता व्यायामाचा नाही. पिवळा दिवा लागलेला असताना हा दाबला की वाक्य टाकून दिलं जातं. आता वेग इतका वाढलाय की दाबेपर्यंत बोलून झालेलं असतं."

लागलेला आणि नुसताच विझलेला प्रत्येक दिवा त्यांच्या डोळ्यांसमोरून गेला. चहा गाळताना, अंथरूण घालताना, त्यांनी कंबरेवर हात ठेवून उसासा टाकला तेव्हा. यंत्राला त्यांनी किती शिव्या घातल्या होत्या!

"मला का नाही सांगितलंस?"

"मी विचारलं होतं त्यांना, काकूंना सांगू का म्हणून. त्यांनी मानेनं नाही म्हटलं." मग तिने समजावणीच्या सुरात सांगितलं, "उशीर परत आणता येईल. कार्ड आहे तिथंच राहू दे. मी इथं बसून प्रोग्रॅममधला एक आकडा बदलला की झालं."

*

काकू घरी आल्या तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. अण्णा भिंतीकडे तोंड करून पडलेले. काकूंनी चपला काढल्या, पाय धुतले, आणि कपाट उघडून खालच्या कप्प्यातून यार्डातला जुना पंचा काढला. कितीदा धुतला तरी हळदीचा रंग गेला नव्हता. त्या कॉटवर अण्णांच्या समोर बसल्या.

"उठा. सौदा आहे."

अण्णा हलले नाहीत.

"माल दारात उतरलाय आणि अडत्या झोपलाय. लोक काय म्हणतील?"

हळूहळू मान वळली. काकूंनी त्यांना खांद्याला धरून बसतं केलं, त्यांचा डावा हात आपल्या मांडीवर घेतला आणि वर पंचा टाकला.

"माल कुठला ते सांगायला नको. परवा तुम्हीच पुकारलात की, ह्याला आता भाव नाही म्हणून. मी गिऱ्हाईक आहे. बघते परवडतोय का."

आणि पंच्याखाली त्यांनी अण्णांचं एक बोट दाबलं. एकच.

अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं. डोळे भरलेले होते, चेहरा उतरलेला होता. पण हात अडत्याचा होता. चाळीस वर्षांत त्या हाताने पहिली बोली कधी घेतली नव्हती. तो झटकला गेला.

"बरं. महाग दिसतोय." काकूंनी दोन बोटं दाबली.

हात पुन्हा झटकला. आता जरा जोराने.

"तीन? हळद जरा किडकी आहे, बघा. उजवी बाजू लागलेली आहे."

अण्णांच्या छातीत काहीतरी हललं. ते हसत होते, आवाजाशिवाय. हात झटकला. काकूंनी चार दाबली, झटकला. सगळा पंजा दाबला, तरी झटकला. मग त्यांनी आपला दुसरा हातही पंच्याखाली घातला आणि दोन्ही हातांनी तो पंजा गच्च आवळला. कसला भाव, त्यापुढं शून्यं किती, हे दोघांनीही ठरवलेलं नव्हतं.

"ह्याच्यापुढं माझ्याकडं बोटंच नाहीत ओ," काकू म्हणाल्या आणि त्यांचा आवाज फुटला. "द्यायचा तर द्या."

थोडा वेळ पंचा स्तब्ध राहिला. मग अण्णांची बोटं वळली आणि त्यांनी काकूंचा हात घट्ट धरला. सौदा झाला.

"असा अडत्या मी बघितला नाही," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "म्हणे गेलो असतो तर बरं! आणि पंजाला पंजा लागेपर्यंत हलायला तयार नाही. पाठ माझी आहे. ती कशासाठी मोडायची ते मी ठरवीन. कळलं?"

अण्णांनी मान हलवली. काकूंनी पदराआडून चेंडू काढून त्यांच्या उशीपाशी ठेवला. "रेश्मानं मला सांगितलं ह्याचं. चोरून दाबायची काही गरज नाही. खुशाल दाबा. मनात काय येतं ते तुमचं. बाहेर सोडाल तेवढं माझं."

अण्णा चेंडूकडे बघत राहिले.

"ती म्हणते, तिकडनं एक आकडा बदलला की उशीर परत येईल. बदलायला सांगू?"

अण्णांनी जोरात मान हलवली. नाही. काकूंना कळेना. मग अण्णांनी पंच्याखाली काकूंची बोटं एकामागून एक दाबली. एक, दोन, तीन, चार. आणि अण्णांनी हनुवटी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटकडे केली.

"चार? चार लेन? खालचाच स्लॉट पाहिजे?"

हात घट्ट झाला.

काकूंना उमजलं. आकडा आज एकाने बदलला तर उद्या दुसरा कुणी पुन्हा बदलेल, चांगल्या हेतूनेसुद्धा. खालच्या स्लॉटमध्ये मुळात तांबंच नव्हतं. जिथं तांबं नाही तिथं कुणाचं बोट काय करणार? अण्णांनी आयुष्यभर माल डोळ्यांसमोर मोजून घेतला होता. हेही त्यांना डोळ्यांसमोर झालेलं पाहिजे होतं.

*

"काकू, असं उलटं काम मी पहिल्यांदाच करतोय," वर्धमान दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाला. "लोक माझ्याकडं वेग वाढवायला येतात."

"तू कर रे."

त्याने कार्ड वरून काढून खालच्या स्लॉटमध्ये बसवलं. अण्णा मान लांब करून एकेक स्क्रू बघत होते. शेवटचा स्क्रू बसला तसं त्यांनी आपणहून गळा पुढे केला, आणि काकूंनी पट्टी बांधली, टोपी चढवली.

"तो वरचा स्लॉट आता रिकामाच राहणार," काकू वर्धमानला पोहोचवायला दारापर्यंत जाताना म्हणाल्या. "खंडेनवमीला उपयोगी पडेल."

त्या परत आल्या तेव्हा पिवळा दिवा लागलेला होता. अण्णांच्या मांडीवर पंचा होता आणि डाव्या मुठीत चेंडू. काकू दारातच थांबल्या. आता त्यांना त्या दिव्यात काय चाललंय ते कळत होतं. चार लेनमधून वाक्य यायला निघालं होतं, आणि माणूस ते येऊ द्यायचं की नाही ते ठरवत होता. त्यांनी घाई केली नाही. विचारलंही नाही. मूठ आवळायला लागली तेव्हा त्यांनी नजर खिडकीकडे वळवली, पण अण्णांना एकटं वाटू नये एवढ्याच बेताने.

चेंडू जमिनीवर पडून घरंगळत त्यांच्या पायाशी आला. अण्णांनी मूठ उघडली होती.

"मला भीती वाटते गं, त्रिशला."

आवाज सौद्याचाच होता. भीतीसुद्धा अशी खणखणीत, की गल्लीत ऐकू जावी. काकूंनी वाकून चेंडू उचलला, पदराला पुसला आणि अण्णांच्या हातात परत दिला.

"मला पण वाटते," त्या म्हणाल्या. "सरका थोडं."